कड्यावरच्या मधाची बाटली

एका मधाची चव कशी असते, एवढं ठरवायला ती चार माणसं डोंगरात आली होती.

कड्याच्या कपारीत एक झुडूप होतं. ते बारा वर्षांतून एकदाच फुलायचं आणि फुललं की जंगली माश्या तिथे पोळं धरायच्या. तो मध कडू असतो, असं जुनी माणसं सांगत. मधमाश्यांचा एक अभ्यासक मात्र गेला फुलोरा आजारपणात हुकल्यापासून छापील लेखांमधून भांडत होता, की छे, गोडच असणार! पुढच्या फुलोऱ्यापर्यंत त्याचे गुडघे टिकण्याची खात्री नव्हती. जे काय व्हायचं ते याच खेपेला व्हायला हवं होतं.

सोबत त्याची थोरली बहीण होती. दोरावर चढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. रबरी होडीचा नावाडी होता. आणि चौथी होती अभ्यासकाची चार वर्षांची मुलगी. खरं तर ती यायची नव्हती, पण आई कामासाठी परगावी आणि सांभाळणाऱ्या आजीचा पाय ऐनवेळी मुरगळला. झोपेतही बडबडायची म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत.

त्या दिवशी सकाळी ताई कड्यावरून उतरली तेव्हा तिचा एक डोळा माशीच्या डंखाने मिटला होता. दुसरा हसत होता. पोळ्याचे तुकडे आणि फुलांच्या फांद्या पेटीत होत्या आणि मध निघाला होता औषधाच्या बाटलीएवढा. भावाने लगेच बूच लावून त्यावर मेण ओतलं.

"बोट तरी चाटू दे की रे!"

"नाही. प्रयोगशाळेतच उघडायची. तोवर कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही."

"अरे, जीव टांगला होता मी तिथे!"

"म्हणूनच. पुन्हा टांगायला लागू नये."

पायथ्याच्या खोपटात आवराआवर सुरू झाली. नावाडी होडीत हवा भरत होता, ताई दोर गुंडाळत होती. अभ्यासकाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, की खोपटात शांतता आहे. टिटवी कोपऱ्यात बसली होती. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि हातातलं बिस्किट तसंच होतं.

"काय झालं गं?"

"पैसा गिळला," ती म्हणाली.

त्याचा जीव भांड्यात पडला. नाणं काय, पोरं गिळतातच.

"निघतो हो आपोआप," नावाडी दारातून म्हणाला. "आमच्या भाच्याने कुलपाची किल्ली गिळली होती. दोन दिवस सगळं घर पायरीवर बसून!"

"पण पैसा आला कुठून?" ताईने विचारलं. "इथे सुटे पैसे आहेत कुणाकडे?"

कुणाकडेच नव्हते. डोंगरात दुकान नव्हतं. अभ्यासकाचे डोळे खुंटीवरच्या शर्टाकडे गेले. पहाटे त्याने तापमापकाचा गोल, चपटा सेल बदलला होता आणि जुना शर्टाच्या खिशात टाकला होता. खुंटी पोरीच्या हाताला येईल इतक्या उंचीवर होती. खिसा रिकामा होता.

"संपलेला सेल होता तो," तो म्हणाला. "मेलेला सेल काय करणार?"

ताई तोवर वायरलेसपाशी पोहोचली होती. धरणावरच्या ऑपरेटरने इस्पितळाला फोन लावला आणि रिसीव्हर वायरलेसला टेकवून धरला. खरखरीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

"संपलेला असला तरी जाळतो. अन्ननलिकेत अडकला असेल तर दोन तासांतसुद्धा भोक पडू शकतं. उलटी काढू नका. खाणं नाही, पाणी नाही. मध आहे का तुमच्याकडे?"

तिघांचेही डोळे मेण लावलेल्या बाटलीकडे वळले.

"हॅलो? मध! दहा-दहा मिनिटांनी दोन-दोन चमचे, फार तर सहा वेळा. सेलभोवती लेप राहतो, थोडा वेळ मिळतो. पण मधाने सेल निघत नाही, तेव्हा लगेच निघा! धरणावर गाडी पाठवते."

अभ्यासकाने चाकूने मेण फोडलं. त्याच्या मनात ना लेख आले ना बारा वर्षं. चमचा सापडत नव्हता, एवढंच त्याला दिसत होतं. तो सापडला.

"गोड आहे. घे."

टिटवीने गिळलं आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. आत जळायला लागलं, त्याने ओळखलं.

पायवाटेने धरण दीड दिवसावर होतं. नदीने गेलं तर तास-सव्वा तास. पण येताना त्यांनी धरणाअलीकडचा, दगडांतून उसळणारा खळाळ टाळून होडी काठाने खांद्यावरून वाहून आणली होती. त्यात अर्धा दिवस गेला होता.

"खळाळातूनच जायचं," ताई म्हणाली.

नावाड्याने एकदा नदीकडे आणि एकदा पोरीकडे बघितलं. "धरून बसा," तो म्हणाला.

होडी सुटली! पहिल्या वळणापर्यंत पाणी संथ होतं आणि काठावरची झाडं नेहमीसारखी मागे सरकत होती. दुसरे चमचे तिथेच झाले. टिटवी बापाच्या मांडीवर ताठ बसली होती, बाटली त्याच्या शर्टात होती. पुढे दगड दिसू लागले. तिसऱ्या वेळी लाटेने चमचा नेला. मग त्याने बुचात मध ओतला. "गोड आहे, घे." पुन्हा तेच वेडंवाकडं तोंड. ती रडत नव्हती, हे त्याला जास्त भयंकर वाटत होतं.

चौथी आणि पाचवी खेपही बुचातूनच झाली. मग खळाळाचा आवाज आला. होडी जड होती, नाक पाण्यात जात होतं.

"वजन कमी करा!" नावाडी ओरडला.

दोर गेले. तंबू गेला. राहिली पेटी, पोळ्याची आणि फुलांची. ताईने भावाकडे पाहिलं.

"टाक," तो म्हणाला.

"शिर सलामत तो पगडी पचास!" म्हणत तिने पेटी भिरकावली. तिचा मिटलेला डोळासुद्धा तिकडे वळला.

"डावीकडे! वल्हं मारा!"

होडी दगडावर आपटली. गर्रकन फिरली. पाणी डोक्यावरून गेलं! बापाने दोन्ही हातांनी पोरीला छातीशी आवळलं. बाटली? बाटली असेल तर असेल! होडी उभी राहिली, क्षणभर आकाशच दिसलं, आणि ती धप्पकन पलीकडच्या शांत पाण्यात आदळली.

चौघं होती. बाटलीही होती. बूच वाहून गेलं होतं आणि तळाशी थोडासा मध उरला होता. त्याने तो तळहातावर ओतून सहाव्यांदा तिच्यापुढे धरला. "गोड आहे, बाळा." तिने डोळे मिटून हात चाटून पुसून साफ केला.

धरणाच्या पायऱ्यांवर गाडी उभी होती.

इस्पितळात नळी घालून सेल काढला. डॉक्टरीणबाईंनी तो दाखवला. त्याची एक बाजू काळी पडली होती.

"जखम वरवरची आहे," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात. मधाचाही उपयोग झाला."

अभ्यासक भिंतीला टेकून खाली बसला आणि हमसून हमसून रडला. नावाडी शेजारी येऊन बसला आणि छत कुठे गळतंय ते तपासत असल्यासारखा वर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिटवी नीट जागी झाली. आवाज बसला होता, पण बडबड शाबूत होती.

"बाबा, तू खोटारडा आहेस."

"का गं?"

"मध गोड नव्हता काही. कडू होता. सगळा कडू!"

"तोंड म्हणून वाकडं करत होतीस? घशात जळत नव्हतं?"

"कडू होता म्हणून!"

ताई इतकी हसली, की नर्सने येऊन दटावलं. रिकामी बाटली त्याने कपाटात शोधली. वॉर्डातल्या मावशींनी ती स्वच्छ धुऊन पालथी घातली होती. जगात त्या बाटलीतल्या मधाची चव आता एकाच माणसाला ठाऊक होती आणि त्या माणसाला अजून लिहिता येत नव्हतं.

"कडू," तो म्हणाला. "बारा वर्षं चुकत होतो म्हणजे मी."

मग त्याला राहवलं नाही. "अगं, एवढा कडू होता तर थुंकला का नाहीस?"

टिटवीला प्रश्न फारच सोपा वाटला.

"तू घे म्हणालास ना," ती म्हणाली.