खुंट्याला दुसरा हात

दौंडला मी कॉम्प्युटर दुरुस्त करून आणायला गेलो होतो. घोड नदीकाठच्या आमच्या गावातून एसटीनं. मांडीवर सीपीयूचा डबा, त्याला चांगुणाचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. चांगुणा म्हणजे माझी बायको. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. दिवा जरा इकडं सरकवा, सांगतो.

कॉम्प्युटर माझ्या लेकीचा, गौतमीचा. ती शिरूरला एका क्लासमध्ये शिकवायची. क्लासवाल्यांनी नवी मशीनं घेतली तेव्हा हे जुनं तिनं घरी आणलं. आईच्या ओव्या त्यात भरून घ्यायच्या, असं तिच्या मनात होतं. चांगुणाला किती ओव्या यायच्या त्याला मोजदाद नव्हती. भावाच्या, लेकरांच्या, बाबासाहेबांच्या. पण जात्यावर बसल्याशिवाय तिला एक ओळ आठवत नसे. म्हणून कोपऱ्यातलं जातं ओढलं, पसाभर बाजरी घेतली आणि गौतमीनं समोर माईक धरला. मी त्या दिवशी पाटाच्या खोदकामावर होतो. घरी आलो तेव्हा जातं पुसून ठेवलेलं, आणि चांगुणा दमून भिंतीला टेकलेली. तिला तेव्हा धाप लागायला सुरुवात झाली होती.

ती फाईल फ्लॉपीत मावेना, म्हणून मशीनमध्येच राहिली. आणि आता मशीन सुरू होईना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, आतून कट कट वाजायचं, की पुन्हा सगळं गप्प. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, आईचा आवाज सगळ्यांना ऐकवायचा, असं गौतमीनं ठरवलं होतं. माझं म्हणाल तर मला लोकांना ऐकवायचं नव्हतं. चांगुणाचा फोटो भिंतीवर होता, पण तिचा आवाज माझ्या डोक्यातून हळूहळू पुसट होत चालला होता. पहाटे जाग आली की मी तो आठवून बघायचो. रोज थोडा कमी आठवायचा.

गौतमीच्या क्लासमध्ये परीक्षा होत्या, म्हणून मी एकटा निघालो. तिनं मला एकच गोष्ट पाठ करून दिली होती, फॉर्मॅट करू द्यायचं नाही. एसटीत बसल्यापासून मी तेवढंच घोकत होतो.

महेंद्र आमच्या पाहुण्यातला. कुरकुंभला कंपनीत पाळीवर जायचा आणि सुट्टीच्या वेळात दौंडला स्टेशनजवळच्या एका खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मला बघून हसला.

"आबा, मशीनला लुगडं नेसवून आणलं व्हय?"

"हिसके बसतात गाडीत," मी म्हणालो. "आन् फॉर्मॅट करायचं न्हाई."

त्यानं स्क्रू काढले, धूळ फुंकली. बराच वेळ वायरी बदलून बघितल्या, आपली फ्लॉपी घालून मशीन उठतंय का बघितलं. मग मान हलवली. विंडोज नवीन टाकलं तर मशीन झकास चालेल, पण आतलं सगळं जाईल, असं त्याचं म्हणणं पडलं.

"मशीन राहू दे तुला," मी म्हणालो. "मला आतलं दे."

त्यानं हार्ड डिस्क बाहेर काढून माझ्या हातात दिली. तळहातावर मावेल एवढी, पण वजनाला दगड. आत एक गोल तबकडी फिरते, म्हणाला, आणि तिच्यावरची सुई अडकलीय. कधी कधी चांगली गार केली तर थोडा वेळ चालते. तेवढ्यात काय निघेल ते काढून घ्यायचं.

शेजारी सिंधूबाईचं कोल्ड्रिंकचं दुकान होतं. महेंद्रनं डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि तिच्या फ्रीजमध्ये बाटल्यांच्या मधी ठेवली. सिंधूबाईचं तोंड सुरूच होतं. लोखंडाचं सरबत करून विकतोस का, म्हणाली, उद्या एखादं गिऱ्हाईक तेच मागेल. आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. चैत्राचं ऊन. स्टेशनवर कुठलीतरी गाडी उभी असावी, तिचा आवाज दुरून यायचा आणि उन्हात विरून जायचा. माझा डोळा लागला की काय, सांगता येत नाही.

डिस्क बाहेर काढली तेव्हा तिच्यावर दव आलं होतं. महेंद्रनं ती खोलीत आणून टेबलावर लुगड्याच्या घडीवर ठेवली आणि कोरडी पुसली. तेवढ्यात लाईट गेली. भारनियमन. पंखा थांबला, पडदा काळा झाला, फ्रीजची घरघरसुद्धा बंद पडली. भर दुपारी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत घर्र... घर्र... असा आवाज येऊ लागला. हळू, जड, एका लयीत. फिरायचा, जरा रेंगाळायचा, पुन्हा फिरायचा. त्यात कट कट नव्हती. खोलीत बाजरीच्या ताज्या पिठाचा वास आला, दगडात गरम होऊन पडतं ना, तसल्या पिठाचा.

महेंद्र टेबलापासून मागं सरकला.

"आबा... हिला वायर लावलेली न्हाई."

मी घडीवर हात ठेवला. लुगडं थरथरत होतं, अगदी बारीक, मांजर झोपल्यावर थरथरतं तसं. मला भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. मला फक्त वाटलं, ही एकटीच दळतीय.

लाईट आली. आवाज थांबला. महेंद्रनं घाबरत घाबरत डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि ती पहिल्याच झटक्यात चालली. फाईल सापडली. त्यानं घाईघाईनं ती सीडीवर उतरवून घेतली आणि नीट आलीय का बघायला हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला.

"आजीसंगं कोन बसलंय, आबा?"

"कुनी न्हाई. एकटीच होती."

त्यानं हेडफोन माझ्या कानावर ठेवला. चांगुणा गात होती.

दळण दळीते मी, पीठ पडे भुरूभुरू
समोर कुनी न्हाई, ओवी कशी पुरी करू

ओळ संपली की ती थांबायची, धाप लागायची तिला. आणि त्या थांब्यात, लांबून, नाकातल्या नाकात कुणीतरी तीच चाल गुणगुणत होतं. पुरुषाचा आवाज.

आता हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा आमच्या गावात गिरणी नव्हती. सगळ्यांचं दळण तिच्यावर पडायचं. गडीमाणूस जात्यावर बसला तर लोक हसतात, म्हणून मी अंधारात दार लावून घ्यायचो आणि समोर बसून खुंट्याला दुसरा हात लावायचो. मला गाता येत नाही. मी नुसता गुणगुणायचो. गौतमी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.

निघताना मी महेंद्रला डिस्क मागितली, तर त्यानं ती लुगड्यासकट माझ्या पिशवीत घातली. पुन्हा हात लावला नाही.

पुण्यानुमोदनाला सीडी लावली. भन्तेजी होते, भावकी होती. लोकांना फक्त चांगुणाच ऐकू आली. बायकांनी डोळे पुसले. गौतमी मात्र माझ्याकडं बघत होती. सगळे गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, "आबा, तुमी तर त्या दिवशी पाटावर होता..."

मी हो म्हणून मान हलवली आणि सीडी तिच्या हातात दिली.

सीडीवर एकदा उतरलं की बदलत नाही, असं गौतमी सांगते, आणि तिला त्यातलं कळतं. पण आम्ही ती अधूनमधून लावतो. तो गुणगुणणारा दर खेपेला जरा जवळ आलेला असतो. चांगुणाची धाप कमी होत चाललीय. ओळ संपली तरी ती आता पहिल्यासारखी थांबत नाही. दोघांनी ओढलं की जातं हलकं जातं. मला मात्र हल्ली सकाळी उठताना उजवा खांदा भरून आलेला असतो.

परवा दुपारी गौतमीनं पुन्हा लावली. मी खाटेवर पडून होतो. ओवी चालली होती. मधेच जातं थांबलं आणि चांगुणा हळू आवाजात म्हणाली, "दमला का?"

हे आधी त्यात नव्हतं. गौतमीचा हात आवाजाच्या बटणावर तसाच राहिला.

मी मनातल्या मनात म्हणालो, न्हाई. ओठसुद्धा हलवले नाहीत.

आणि स्पीकरमधून, अगदी जवळून, माझा आवाज आला, "न्हाई... दळ तू."

मग जातं पुन्हा फिरू लागलं.