उंबऱ्याबाहेर

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे, शिंपी गल्लीत कोकिळाचं घर. दुपारी शिलाई मशीनवर कापड झाकलं की ती सासूचा डबा उघडायची. त्यात कापड ताणायची लाकडी रिंग, बोथट टोकाच्या सुया, दोरा ओवायची तार, बोटात घालायचं पितळी अंगुस्तान, टाके तोडायची उसवणी आणि एक चिमुकली कात्री. सासू, शांतीबाई, गेल्या महिन्यात वारली. रिंगमध्ये तिचं क्रॉस स्टिचचं काम अर्धवट राहिलं होतं. दुसुतीच्या कापडावर हेच घर, समोर रस्ता, आणि दारात वेणी घातलेली एक पोर.

ती पोर म्हणजे दामिनी, कोकिळाची लेक. नाशिकला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. "पोरले घरना बाहेर धाडानं नही," हा हट्ट म्हातारीनं शेवटच्या श्वासापर्यंत सोडला नव्हता.

दोऱ्याच्या लडी विकणाऱ्या शेजारच्या प्यारीबाईंनी कोकिळाला गल्लीचा रिवाज बजावला. "मरेल बाईनं काम दुसरानी पुरं करानं नही, कोकिळा. उसवी टाक, कापड धुई टाक."

"मरेल बाईनं आयकू का जित्ती पोरनं?" कोकिळा म्हणाली.

ऐकून घेणाऱ्यांतली ती नव्हतीच. तिनं दारातली पोर उसवली आणि कापडावरच्या रस्त्यावर नवी पोर भरली, हातात बॅग घेतलेली.

दुसऱ्या दिवशी कापडावरची पोर परत दारात होती.

कोकिळानं कापड उजेडाला धरलं. रस्त्यावर सुईचं एक भोकसुद्धा दिसेना. पालथं करून पाहिलं. ती स्वतः मागे गाठी मारायची, इथे एकही गाठ नव्हती. प्रत्येक फुलीचा वरचा टाका उलट्या बाजूला झुकलेला, डाव्या हाताचा. शांतीबाई डावखुरी होती. अंगुस्तानात बोट घातलं तर ते आतून कोमट लागलं.

त्याच सकाळी दामिनी उंबऱ्याला अडखळून पडली. घोटा टम्म सुजला.

कोकिळाच्या अंगावर काटा आला, आणि लगेच तिची तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं उसवणी उचलली. पोर बाहेर भरली की सकाळी आत, आत सापडली की पुन्हा बाहेर. बोटं सोलवटली, पण ती हटली नाही.

"नात तुम्हनी शे आत्याबाई," ती सासूच्या रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाली, "पन पोर मन्ही शे."

दामिनी निघायच्या दिवशी कोकिळा पहाटेच रिंग मांडीवर घेऊन बसली. अंगुस्तान घातलेलं बोट तिनं रस्त्यावरच्या पोरीवर दाबून धरलं. थोड्या वेळानं कापडाच्या पाठीमागून कुणीतरी सुई टोचू लागलं. पितळेवर टक. पुन्हा टक. दामिनी पाया पडायला वाकली तेव्हा कोकिळानं तिला एकाच हातानं पोटाशी धरलं. लेकीला स्टँडवर सोडायला कोकिळाचा नवरा मोतीलाल गेला.

गाडीचा हॉर्न ऐकू आला. टकटक थांबली. तिनं बोट उचललं. पोर रस्त्यावरच होती. कोकिळा एकटीच खदखदून हसली.

तासाभरानं ती डबा आवरायला बसली, तेव्हा तिला कापडावरच्या दारात कुणीतरी दिसलं. अंबाडा घातलेली बाई. पिस्ता रंगाचं लुगडं.

तिनं स्वतःच्या अंगावरच्या पिस्ता लुगड्याकडे पाहिलं. मग उसवणी घेतली आणि त्या बाईचा एक टाका तोडला.

फोन वाजला. दामिनी होती. "मम्मी, गाडी परत फिरी ऱ्हायनी. दोंडाईचाना म्होरे रस्ता बंद शे म्हने."

फोन खांद्यात धरून कोकिळानं सुईत पिस्ता दोरा ओवला. तोडलेला टाका परत घातला आणि दोरा ओढून घेतला.

"थांब मम्मी... रस्ता मोकया व्हयना. निंघनी गाडी."

"जाय, माय," कोकिळा म्हणाली. "मांगे दखू नको."

संध्याकाळी मोतीलालनं ओट्यावरून हाक मारली. "चाल, प्यारीबाईले पेढा दी येऊ."

ती उठली. उंबऱ्यापाशी तिचा पाय उचललाच गेला नाही. तिनं दुसरा उचलून पाहिला, तोही हलेना.

मग पदर नीट करून ती तिथेच, दारात उभी राहिली.

"पोरले यामधलं काई सांगानं नही," ती म्हणाली.