विधवा बायकांना नेत नाही

मेकाँगकाठच्या त्या गावात दुपारचं जेवण झालं की कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. नुअननं चिकट भाताची टोपली झाकली, चटई अंथरली आणि ती आडवी झाली. आई आणि मधला भाऊ थावी सकाळीच शहरातल्या दवाखान्यात गेले होते, थावीच्या तपासणीचा निकाल आणायला.

या घरातले पुरुष झोपेतच जायचे. आधी बाप गेला, मग गेल्या उन्हाळ्यात थोरला विचित. धडधाकट गडी, पोटभर जेवून झोपला तो उठलाच नाही. विधवेचं भूत नवरा शोधत फिरतंय, असं गाव म्हणालं. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी थावीची नखं आणि ओठ लाल रंगवायची. भुताला तो बाई वाटावा, एवढंच तिचं मागणं.

"गावात माझ्याइतकी देखणी पोरगी नाही," थावी नुअनला चिडवायचा. "तुझं लग्न माझ्यामुळेच अडलंय!"

नुअन हसायची. तिला लहानपणापासून झटके यायचे. दातखीळ बसायची, शुद्ध हरपायची. पण तिच्या नखांना कुणी रंग लावला नाही. "विधवा बायकांना नेत नाही," आई म्हणायची, आणि नुअनची तपासणीही तशीच राहून गेली. घरातली सगळी भीती थावीच्या वाट्याला आली होती, आणि भीतीबरोबर मायाही. नुअनला याचं फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

पंखा फिरता फिरता थांबला. बाहेर रान उन्हानं भेगाळलेलं, तरी घरात ओल्या मातीचा वास येत होता. नुअनचा डोळा लागतोय न लागतोय तोच फोन वाजला.

"नुअन, जागी आहेस ना?" थावीचा आवाज कापत होता. "मी ठणठणीत आहे गं. पण डॉक्टर म्हणतात, तुझे झटके आणि आपल्या माणसांचं झोपेत जाणं, बहुधा एकच दुखणं आहे. हृदय अडखळतं, म्हणून शुद्ध जाते. तुला आजच घेऊन या म्हणालेत. आम्ही येईपर्यंत झोपू नकोस."

घाबरण्याआधी तिला बरं वाटलं. आज कुणीतरी तिच्यासाठी घाबरलं होतं.

"घरात कोण आहे गं?" थावीनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग घोरतंय कोण?"

तिनं कान दिला. घर गप्प होतं.

"विचितदादा शेवटी असाच घरघरला होता... मी शेजारीच झोपलो होतो... नुअन, ऊठ! बाहेर जा!"

ती उठायला गेली, पण अंग हलेना.

"थांबलं..." थावी कुजबुजला. "आता कुणीतरी रडतंय. तुझं नाव घेऊन..."

"आई असेल, दादा. तिला सांग, रडू नको म्हणावं."

पलीकडे खरखर झाली, थावीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आवाज आईचाच आहे," तो म्हणाला. "पण तिकडून येतोय, तुझ्याकडून... आई तर इथे माझ्याजवळ बसलीय, नुअन. तोंड मिटून."