बाईजींची पूंजणी

आधीच सांगते, मला त्या आवाजाची भीती वाटली, तरी आमच्या घरावर त्याचे फार उपकार आहेत.

झमकूबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. सगळे त्यांना बाईजीच म्हणत. आमचं जैनांचं घर, त्यामुळे जीवजंतू मरू नयेत म्हणून चूल पेटवण्याआधी तिच्यावर पूंजणी फिरवायची रीत. पूंजणी म्हणजे मऊ लोकरीच्या धाग्यांची छोटी झाडणी. बाईजी मात्र मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीनचा ड्रायर, काही सोडत नसत. मला हाक मारून म्हणायच्या, "विधी, पहली जीव देख, पछे चालू कर!" मी तोंडावर हो म्हणायचे आणि पाठ फिरली की हसायचे. होळीनंतर त्या गेल्या. आठवण म्हणून त्यांची पूंजणी माझी नणंद चेलना धुळ्याला घेऊन गेली.

भाद्रपदात जळगावला झड लागली. कपडे वाळेनात आणि नेमका ड्रायर बंद पडला. माझा मुलगा अर्हम रांगता, त्याच्या दुपट्यांना कुबट वास येऊ लागला. मिस्त्री तोताराम भडगावला अडकलेला. फोनवर म्हणाला, "ताई, उंदीरनी वायर तोडी व्हई. मागलं कव्हर खोला, वायरीसले पीळ द्या, टेप गुंडाळा. पन पयले पिन काढा बरं का!"

दुपारची वेळ होती. तरुण, माझा नवरा, दुकानात. अर्हमला बाहेरच्या खोलीत झोपवून मी मशीन भिंतीपासून ओढलं, कव्हर काढलं. वायर खरंच कुरतडलेली होती. जोडली. म्हटलं, कव्हर नंतर लावू, आधी चालतंय का बघू. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी! पुढे आले, पिन लावली, टायमर फिरवला.

काही नाही. नुसती टायमरची टिकटिक.

आणि मग... सर्र... सर्र...

अगदी हलका आवाज. मऊ धागे पत्र्यावरून फिरावेत तसा. मशीनच्या मागून येत होता. त्याबरोबर सुंठेचा वास आला. बाईजींच्या पदराला कायम यायचा तो. माझ्या अंगावर काटा आला.

"कोण आहे...?"

सर्र... सर्र...

जीव मुठीत धरून मी मागे वाकले. तिथे अर्हम बसला होता. कधी जागा झाला, कधी रांगत आला, कळलंच नाही. त्याची इवलीशी बोटं मोटरच्या चाकात होती, आणि तो मान वर करून कोणाकडे तरी बघत होता.

मी त्याला ओढून छातीशी घेतलं. त्याच क्षणी मोटर गरगरा फिरू लागली.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. "बाईजी... तुम्ही होतात म्हणून..." एवढंच तोंडातून निघत होतं. चेलनाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पूंजणी इथेच आहे गं, खुंटीला." दुसऱ्या दिवशी त्या ती घेऊन आल्या. म्हणाल्या, "ही तुझ्याच घरी राहू दे." तोतारामनेही येऊन सगळं पक्कं केलं. तेव्हापासून ड्रायरवर पूंजणी फिरवल्याशिवाय मी टायमरला हात लावत नाही. आता हसतही नाही.

आज सकाळीही फिरवली. आतून, बाहेरून, मागे वाकूनसुद्धा पाहिलं. कपडे भरले, झाकण लावलं, टायमर फिरवला.

ड्रायर फिरेना.

सुंठेचा वास आला. सर्र... सर्र... या वेळी आवाज मागून नव्हता, बंद झाकणाच्या आतून होता.

अर्हम माझ्या कडेवर होता. घरात तिसरं कोणी नव्हतं. मग बाईजी कोणाला बाजूला करत होत्या?

मी पिन काढली आणि हात जोडले. त्या थांब म्हणाल्या आहेत, तर मी थांबणार. कपडे अजून आतच आहेत.