अकरा मिनिटं उशिरा

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध थांबली, तेव्हा तिनं आधी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून बारा मिनिटं. मग घंटा दाबली, आणि मग घाबरली. तिच्या कामाची सवयच तशी होती. लोकांचे थर्मामीटर, वजनकाटे, दाबमापकं खरं बोलतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, आणि कुठलीही नोंद वेळेपासून सुरू होते.

तेराव्या मिनिटाला वरून आवाज आला.

"मी आहे इथे."

"इथे म्हणजे कुठे?"

"तुमच्या डोक्यावर. साधारण दीड मीटर."

"साधारण?"

मग टेप खर्रकन ओढल्याचा आवाज. "एक मीटर छत्तीस. बास?"

आणि तिथेच, कोंदट लिफ्टमध्ये, ती गालातल्या गालात हसली. आयुष्यभर माणसांनी तिला साधारण उत्तरं दिली होती. हा मोजून सांगत होता.

दार हातभर उघडलं. वरून एक ग्रीसनं माखलेला हात आत आला.

"आधी हेल्मेट द्या."

"आधी मला काढा ना!"

"तुम्ही कुठे जाताय? हेल्मेट हातातून पडलं तर कामातून गेलं." हेल्मेट वर गेलं, पाठोपाठ ती गेली, केस विस्कटलेले, गुडघ्याला काळा डाग. समोर लिफ्ट दुरुस्तीचा गणवेश घातलेला एक हडकुळा तरुण तिचं हेल्मेट उलटंपालटं करून बघत होता. "कुठली गाडी?"

"जुनी आहे. बाबांची. तीन किका मारल्याशिवाय बोलत नाही."

"आवाज रेकॉर्ड करून पाठवा. सांगतो काय दुखतंय तिचं."

"डॉक्टर आहात?"

"लिफ्टचा. गाड्यांचा हौशी." तो जिन्यावर बसून अवजारं आवरू लागला. "एक सांगू? अडकलेल्या माणसाला दार कधी उघडेल ते आधी नाही सांगायचं. आधी एवढंच म्हणायचं, मी आहे इथे. अर्धी भीती तिथेच उतरते."

"अर्धी? मोजलीय?"

"छे. त्यासाठी तर..." तो थांबला, कानामागे खाजवलं, "त्यासाठी तर तुम्ही भेटलात ना."

त्यानं तिला बाईकवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये घेतलं. चारशे सभासद, गावोगावचे, निम्म्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नव्हती. कुणी इंजिनाचा आवाज पाठवायचं, आणि हा ऐकून सांगायचा, 'टॅपेट ढिले आहेत' किंवा 'काही झालं नाहीये, उगाच घाबरू नका.' तिथे कुणाला खरं नाव नव्हतं. त्याला सगळे शेपूट म्हणायचे, कारण आसपासचे वीसेक जण महिन्यातून एकदा राईडला निघाले की तो सर्वांत शेवटी चालायचा. मागे पडलेल्याला सांभाळायचं काम त्याचं. तिनं पहिल्याच दिवशी इंजिन ऑइलचं तापमान एक दशांश अंशापर्यंत लिहिलं आणि तिचं नाव पडलं थर्मामीटर.

ती सगळ्यांत हळू. त्यामुळे तिच्या मागे नेहमी तोच. तिच्या उजव्या आरशात त्याचा दिवा असायचा, इतरांपेक्षा जरा पिवळा, जुन्या बल्बचा. वळण आलं की दिवा दिसेनासा व्हायचा, ती श्वास धरायची, आणि मग तो पुन्हा आरशात उगवायचा. घराकडच्या फाट्यावर ती डावीकडे वळायची, तो सरळ जायचा. जाता जाता दिवा दोनदा लुकलुकवायचा. बस, एवढंच. पण त्या दोन लुकलुकींवर तिचा पुढचा महिना निघायचा.

ग्रुपचा एक नियम होता. घरी पोचलं की त्या दिवसाच्या पानावर 'पोचलो', 'पोचले' लिहायचं. सगळ्यांचं आलं की शेपूट 'सगळे पोचले' असं लिहून पान बंद करायचा. ज्याचं आलं नाही, त्याला तो फोन करायचा.

एकदा तिच्या फोनची बॅटरी संपली. चार्जिंगला लावला, आणि लागलीच तो वाजला.

"थर्मामीटर, पारा कुठे अडकला?"

"घरीच आहे. बॅटरी गेली होती."

"बरं." मग बराच वेळ कुणीच फोन ठेवला नाही. "...जेवलीस?"

अहोजाहो कधी सुटलं ते तिनंही नोंदवलं नव्हतं.

पुढच्या राईडला बॅटरी चांगली भरलेली होती. तरी ती गॅलरीत फोन हातात धरून बसली आणि काही लिहिलं नाही. अकरा मिनिटांनी फोन आला.

"पारा?"

"अय्या, विसरलेच!"

"तू? विसरलीस?" तो हसला. "मशीन बिघडलंय म्हणायचं. येऊन बघावं लागेल."

"फी परवडणार नाही मला."

"चहावर करतो मी. साखर मात्र मोजून."

मग ती दर वेळी विसरू लागली. आई म्हणायची, "फोन काय उबवतेयस? पिल्लं निघणारेत का त्यातून?" ती लाल व्हायची.

शेवटच्या राईडला चहाच्या टपरीवर तो तिच्या शेजारी उभा राहिला. वारा होता. कपावरची वाफ आडवी उडत होती. त्यानं तिच्या हेल्मेटची काच रुमालानं पुसली, स्वच्छ असलेली काच, दोनदा.

"आज पोचलीस की... एक विचारायचंय."

"आत्ता विचार की."

"नाही. समोर धीर होत नाही. फोनवर."

"लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस तू!"

"खड्ड्याला माहीत असतं, मी कशाला आलोय." त्यानं रुमाल खिशात कोंबला. "तुला... तुला बहुतेक नाहीये."

तिला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. पण तिनं नुसतं हेल्मेट घातलं, कारण आत हसता येतं आणि कुणाला दिसत नाही.

फाट्यावर दिवा दोनदा लुकलुकला. ती पाच चाळीसला घरी पोचली. पानावर एकेकाचं 'पोचलो' उमटत होतं. ती हात न धुता, हेल्मेट मांडीवर घेऊन गॅलरीत बसली. पाच पन्नासपर्यंत बाकी एकूण एक जण पोचले. राहिले दोघं, ती आणि तो. पाच पंचावन्न. सहा. फोन येईना. आता मुद्दामच लिहीत नाही, तिनं ठरवलं. बघू या कोण हरतं. सव्वासहाला ग्रुपच्या म्होरक्यानं, सगळे ज्यांना डॉक्टर म्हणत त्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, 'थर्मामीटर, शेपूट, कुठे आहात दोघं?' त्या 'दोघं'वर ती लाजली. उत्तर दिलं नाही.

सात वाजता फोन वाजला. डॉक्टरांचा होता.

अपघात सहा वीसला झाला होता, वळणावर सांडलेल्या खडीवरून गाडी घसरून. त्याच्या घराच्या रस्त्यावर नाही. फाट्यापासून आत, तिच्या घराच्या रस्त्यावर, तिच्या दारापासून चार किलोमीटरवर.

त्यानंतर ग्रुप रडला. चारशे जण आपापल्या गावात, आपापल्या खोलीत बसून. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं ते लिहीत होते: 'माझी गाडी त्यानं नुसत्या आवाजावरून वाचवली.' 'मला म्हणाला होता, उगाच घाबरू नका.' मेणबत्त्यांची चित्रं, फुलांची चित्रं. ती सगळं वाचायची. स्वतः एक अक्षर लिहिलं नाही.

आईनं विचारलं, "तुमच्या ग्रुपमधलाच होता ना गं कुणीतरी?"

"हो," ती म्हणाली. "ग्रुपमधला."

दुसरं काय सांगणार? जे विचारलंच गेलं नव्हतं, त्याचं नातं काय सांगणार? रडायलाही काही हक्क लागतो, आणि तिच्याकडे दाखवायला दोन लुकलुकींपलीकडे काही नव्हतं.

प्रयोगशाळेत ती थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवायची, शून्य आलं की लिहायची. डोक्यात मात्र एकच प्रयोग चालू होता. तो तिच्या रस्त्याला का वळला? शक्यता दोन. एक: तिचा निरोप आला नाही, म्हणून काळजीनं शोधायला निघाला. दोन... दुसरी शक्यता ती पूर्ण म्हणतच नव्हती. नोंदी त्याच, निष्कर्ष दोन. पहिली खरी असेल तर तिनं एक शब्द लिहायचा होता. एक शब्द! अंगठ्याच्या चार हालचाली. तेवढ्या तिनं केल्या असत्या, तर तो आपल्या घरी बूट काढत असता.

पाच आठवडे गेले. ग्रुपनं ठरवलं होतं की एका रविवारी सकाळी अकराला जो जिथे असेल तिथे त्यानं गाडी सुरू करायची, मिनिटभर चालू ठेवायची, आणि तो आवाज पानावर टाकायचा. त्याला आवाजच आवडायचे. ती खाली गेली. एक किक. दोन किका. तीन. गाडी बोलली नाही. ती किका मारत राहिली, घोटा सुजेपर्यंत. मग सीटवर डोकं टेकून तशीच उभी राहिली. फोनवर एकेक आवाज येत होते, भरदार, फाटके, खोकणारे, आणि 'काय दुखतंय' हे सांगणारा कुणी नव्हता.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "बेटा, त्या दिवसाचं पान अजून उघडं आहे. लोक पुन्हा पुन्हा जाऊन बघतात, त्रास होतो सगळ्यांना. त्याचं आणि तुझंच राहिलंय. तू 'पोचले' लिहून टाक. त्याच्या वतीनं मी 'सगळे पोचले' लिहितो, आणि बंद करतो."

"सगळे नाही पोचले, डॉक्टर."

"अगं, ती रीत असते..."

"चुकीची नोंद मी नाही करू देणार." तिचा आवाज चिरकला. "आणि माझी नोंद राहिलीय, ती पण चुकीचीच लिहिली जाईल. 'पोचले' नुसतं नाही लिहिता येणार मला."

"म्हणजे?"

"लिहिते. वाचा."

ती गॅलरीत त्याच खुर्चीवर बसली. पान उघडलं आणि लिहिलं:

'त्या दिवशी मी पाच चाळीसला पोचले होते. लिहिलं नाही. मुद्दाम. मी आधीही बऱ्याचदा मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण नाही लिहिलं की त्याचा फोन यायचा. मला त्याचा फोन हवा असायचा. मला तो आवडायचा. खूप. तो मला शोधायला वळला असेल तर ते माझ्यामुळे. मी पोचले होते.'

पाठवलं. पडद्यावर वाचणाऱ्यांचा आकडा वाढू लागला. तीस. नव्वद. दीडशे. कुणी काही लिहीना. तिनं कुणाकडे माफी मागितली नव्हती, आणि कुणी दिलीही नाही.

अकरा मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर नाव होतं: शेपूट.

फोन हातातून निसटून मांडीवर पडला. एक क्षण, विज्ञान शिकलेल्या त्या मुलीनं, मोजून एक क्षण, खरं मानलं.

"...हॅलो?"

"मी त्याची ताई बोलतेय." बाईचा आवाज होता, थकलेला, घोगरा. "त्याच्या फोनवरून. सॉरी, मला माझ्याकडून करायला हवा होता... तुझा नंबर यातच होता. वाचलं मी, आत्ता लिहिलंस ते."

"ताई, मी..."

"थांब. ऐक आधी. याच्या फोनमध्ये एक यादी आहे. वर लिहिलंय 'पारा'. खाली तारखा आणि आकडे. महिनाभर मी बघतेय, मला वाटलं लिफ्टचं काहीतरी असेल. अकरा मिनिटं. नऊ. चौदा. पुन्हा अकरा. पुढे कंसात लिहिलंय, 'अय्या विसरले म्हणाली.'"

ती खुर्चीतून उठली.

"म्हणजे त्याला माहीत होतं गं. तू मुद्दाम करायचीस ते. तो मोजत बसायचा, त्याला किती वेळ दम धरवतो ते." ताईंनी श्वास घेतला. "शेवटची ओळ त्या दिवसाची आहे. पाच बावन्नला लिहिलेली. आकडा नाहीये. नुसतं लिहिलंय, 'आज फोन नाही. समोर विचारतो.'"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू केली. पहिल्याच किकेला.

दोन शक्यतांपैकी एक खोडली गेली. पाच आठवडे तिला वाटत होतं, पहिली खोटी ठरली तर ओझं उतरेल. तसं झालं नाही. उरलेली शक्यता जास्त जड होती. घाबरून नाही, तो आनंदात येत होता. वाटेत, हेल्मेटच्या आत, बहुतेक शब्द जुळवत. आणि ती वर बसून ठरवत होती, बघू या कोण हरतं.

"उत्तर काय दिलं असतंस?" ताईंनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "तो विचारायच्या आधीच."

पलीकडून एक आवाज आला, रडणं म्हणावं असाही नाही, खूप दिवस दाबून धरलेलं काहीतरी निसटावं तसा. "मला कळत नाही गं पुढे काय करायचं," ताई म्हणत होत्या, "सगळे येतात, होईल ठीक म्हणतात, आणि जातात. कधी होईल? कुणी सांगतच नाही कधी..."

कधी, ते तिलाही माहीत नव्हतं. साधारणसुद्धा नाही. पान उघडंच होतं, ते कधी बंद होणार नव्हतं. तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"ताई," ती म्हणाली, "मी आहे इथे."