दव झाडायची दोरी

बसा. ती बादली उलटी घाला आणि तिच्यावरच बसा. खुर्ची मागू नका, हे अवजारांचं शेड आहे, पाहुण्यांची खोली नव्हे. उजाडायला अजून अर्धा तास आहे. मॅनेजरनं तुम्हाला माझ्या हाताखाली पाठवलंय म्हणजे काम शिकवणं मला भाग आहे. मला माणसं आवडत नाहीत, हे त्यानं तुम्हाला सांगितलंच असेल. खरंच आहे ते. कंदील जरा तुमच्या बाजूला सरकवा.

कोपऱ्यातल्या खुंटीवर गुंडाळून ठेवलीय ती दोरी आपलं पहिलं काम. गवतावर रात्रीचं दव तसंच राहिलं की बुरशी धरते, आणि चार दिवसांत हिरवळीवर पिवळे डाग पडतात. म्हणून उजाडता उजाडता दव झाडायचं. टेनिसच्या मैदानाच्या या कडेला एक माणूस, त्या कडेला दुसरा, मधे दोरी. दोघांनी बरोबर चालायचं, म्हणजे दोरी गवतावरून सरकत जाते आणि थेंब खाली पडतात. धुक्यात समोरचा दिसत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. एक झटका म्हणजे चल. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे दोरी सोड, काम झालं. आणि दोरी मनगटाला कधीही गुंडाळायची नाही, मुठीत धरायची. हसू नका. या मनगटावरचे वळ बघितलेत का? मग आता ऐका.

हे सगळं मला दाजींनी शिकवलं, माझ्या ताईच्या नवऱ्यानं. या हॉटेलच्या आवाराचे ते मुख्य माळी होते. हिरवळ, कुंपणाच्या मेंदीची छाटणी, टेनिसचं मैदान, सगळं त्यांच्या हातचं; अंगाला कायम कापलेल्या गवताचा आणि ग्रीसचा वास. माणूस कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. मला कायम ‘मेहुणे’ म्हणायचे, आणि त्या एका शब्दात माझी सगळी लायकी काढायचे. मी त्यांच्याच घरात राहायचो, त्यांचंच अन्न खायचो, त्यामुळे गप्प बसायचो. ताई मात्र मला पाठीशी घालायची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. जगात मला माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस.

एकदा मी खताचं माप चुकलो. एका पट्ट्यावर दोनदा खत पडलं आणि मैदानाच्या मागच्या रेषेलगतचं गवत जळून तपकिरी झालं. आठवड्यावर सामने आलेले. दाजींनी मला मॅनेजरसमोर, पाहुण्यांसमोर, सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. म्हणाले, “याला कुंडीतलं रोप जगवता येत नाही. मैदानावर याचा पाय परत पडू देणार नाही मी.” त्या रात्री मी जेवलो नाही. ताई दोनदा बोलवायला आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर मोठा रोलर फिरवायचा होता. रोलर तुम्ही येताना पाहिला असेल, शेडच्या बाहेर, उताराच्या तोंडाशी उभा आहे. लोखंडी आहे आणि आत पाणी भरलेलं. शेडपासून मैदानापर्यंत पंचवीस पावलांचा उतार. रोलर खाली न्यायचा म्हणजे एकानं पुढे राहून दांडा वळवायचा आणि दुसऱ्यानं मागची दोरी टाचा रोवून धरून ठेवायची. दाजी पुढे, मी मागे. अर्ध्या उतारावर ते मान न वळवता म्हणाले, “काय मेहुणे, दोरी तरी धरता येते ना?”

मी सोडली.

मारायचं मनात नव्हतं. दोन पावलं पळवावं, जरा घाबरवावं, एवढंच. पण पाणी भरलेला रोलर दोन पावलांवर थांबत नाही. आवाज कसा झाला ते सांगणार नाही.

लोक धावत आले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “दोरी दवानं ओली होती, हातातून निसटली.” सगळ्यांना पटलं. मॅनेजरला पटलं, डॉक्टरला पटलं. ताई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, दुःखानं बोलत नाही.

पुढे वर्षभर मी मुख्य माळी. मोठा रोलर वर ओढून उभा केला, त्यानंतर त्याला कोणी हात लावला नाही. त्याच्या चाकाखाली मी लाकडी पाचर ठोकून ठेवली आणि मैदान छोट्या रोलरवर भागवलं. दव झाडायला मात्र दुसरा माणूस हवाच. मॅनेजर देईना. तेव्हा ताईच म्हणाली, “मी धरते दुसरं टोक. त्यांच्याबरोबर किती वर्षं धरलंय.” रोज पहाटे डोक्यावरून शाल घेऊन ती पलीकडच्या कडेला जाऊन उभी राहायची. दोन फेऱ्या मारायची आणि घरी जायची. मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, ताई आहे, तिनं आपल्याला टाकलेलं नाही. सवयीनं मीही आळसावलो आणि दोरी मनगटाला गुंडाळायला लागलो. बाईमाणसाबरोबर कसली भीती, असं म्हणून.

वर्ष भरलं त्या दिवशीची पहाट. मी नेहमीसारखा उठलो, दोरी घेतली, उतार उतरून मैदानावर आलो. धुकं असं दाट की चार पावलांपलीकडचं धड दिसेना. खालचं गवत दवानं पांढरं पडलं होतं, चपला दोन पावलांत भिजल्या. दोरीचं मोकळं टोक मी नेहमीच्या जागी टाकून माझ्या कडेला आलो. पलीकडे शालीसारखं काहीतरी हलल्यासारखं वाटलं आणि दोरी ताणली गेली. एक झटका. चल.

मी चालायला लागलो. अर्धं मैदान झालं तेव्हा वास आला. ताज्या कापलेल्या गवताचा, आणि त्यात ग्रीसचा. आठवडाभर आम्ही कापणीचं यंत्र बाहेर काढलं नव्हतं. मी म्हटलं, असेल काही. चालत राहिलो.

उतार जिथं मैदानाला मिळतो त्या कोपऱ्यात आलो आणि दोन झटके बसले. थांब. मी थांबलो. मग ध्यानात आलं, कुठं थांबलोय ते. दाजींना उचललं होतं त्याच जागी. तिथं मी वर्षभर पाय ठेवला नव्हता, कडेनं वळसा घालून जायचो.

“ताई, इथं नको...” मी म्हटलं. “पुढे चल.”

मग दोरीला झटके बसले. दोन लगोलग. तिसरा जरा थांबून.

ताई तीन झटके एकसारखे द्यायची. तिसरा झटका थांबून द्यायची सवय एकाच माणसाला होती.

मी दोरी सोडायला गेलो तर सुटेना. मनगटाभोवतीचे वेढे आवळले होते, सोडवू पाहावं तसे आणखी आवळत होते. पुन्हा दोन, आणि थांबून तिसरा. सोड. कसा सोडणार? हात काळानिळा पडला. आणि मग वरून, उतारावरून, आवाज आला. लोखंडाचा. करकर... थांबला... करकर... रोलर जागेवर डुलत होता.

“दाजी,” मी म्हटलं. “दाजी, चूक झाली... जाऊ द्या...”

दोन झटके. थांबून तिसरा. या वेळी इतका जोरात की मी गुडघ्यावर आलो. वर पुन्हा करकर झाली आणि एक खडा घरंगळत माझ्यापाशी येऊन थांबला.

मग मी ओरडलो. “निसटली नव्हती! मी सोडली! मुद्दाम सोडली! तुम्ही चिडवलंत म्हणून सोडली!”

दोरी तशीच ताणलेली. आणि वरून, उताराच्या टोकावरून, ताईचा आवाज आला.

“माहीत आहे.”

धुकं तेवढ्यापुरतं फाटलं. ताई रोलरच्या मागे उभी होती. अंगावर शाल नव्हती, केस सुटलेले, झोपेतून उठून आलेली. रोलरची दोरी तिनं दोन्ही हातांनी धरली होती. पाचर गवतात बाजूला पडलेली होती. रोलर उताराच्या तोंडावर अर्धा पुढे आलेला, आणि त्याच्या बरोबर समोर खाली मी, गुडघ्यावर, मनगटानं बांधलेला.

“ताई, तू वर कशी? मग तिकडे दोरी...”

“मी आलेच नाही खाली. रात्रभर आभाळ भरलेलं होतं. आभाळ असलं की दव पडत नाही, माळ्याच्या बायकोला कळतं तेवढं. मी झोपले होते. रोलरचा आवाज आला म्हणून धावत आले.” तिनं हनुवटीनं खाली दाखवलं. “पायाखाली बघ.”

मी बघितलं. गवत कोरडं होतं. पार कोरडं, एक थेंब नाही. माझ्या चपलाही कोरड्या. ओली होती ती फक्त दोरी. तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

“त्या दिवशीही आभाळच होतं,” ताई म्हणाली. “तू दव म्हणालास तेव्हाच कळलं मला. तुझ्या तोंडून ऐकायला वर्षभर रोज इथं येत होते. म्हटलं, आज सांगेल... उद्या सांगेल...”

“ताई, दोरी सोडू नकोस.” माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही. लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही मला माझाच जीव आठवला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिचे हात बघत होतो, दुसरं काही बघू शकत नव्हतो. एकदा तिची बोटं सैल झालेली मला दिसली. खोटं नाही सांगत, दिसली. रोलर हलला नाही.

मग माझ्या मनगटाला एक झटका बसला. चल. वेढे सैल पडले. मी हातापायांवर रांगत उतार चढलो, पाचर उचलली आणि चाकाखाली ठोकली. ताईनं दोरी खाली टाकली. तिचे तळवे माझ्या डोळ्यांसमोर होते. साधा ओरखडा नव्हता. अहो, तो रोलर उतारावर एकट्यानं धरणं मला कधी जमलं नाही, आणि ताईचं वजन ते काय. मी तिच्या मागे गवतात बघितलं. तिच्या अनवाणी पायांचे ठसे होते, हलकेच उमटलेले. आणि त्यांच्या मागे हातभर अंतरावर बुटांच्या टाचा रोवून पडलेले दोन खोल खड्डे.

तिनंही ते बघितले. खाली बसून एका खड्ड्यावर हात ठेवला. मग उठली आणि म्हणाली, “त्यांनी धरली होती. मी तर सोडली होती रे.”

त्याच दुपारी ती सामान घेऊन नणंदेकडे निघून गेली. दारात मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. सहा महिने झाले. दोन पत्रं टाकली, फोन केले. उचलत नाही. तिच्या जागी आज तुम्ही.

मीही निघून गेलो होतो, चार दिवस. चौथ्या रात्री मनगटाला दोन झटके बसले. परत आलो. मॅनेजरला म्हणतो, तो रोलर भंगारात द्या. तो म्हणतो, बघू.

चला, उजाडलं. रात्रभर आभाळ होतं, तरी चला, दोरी खुंटीवरून काढा. ओली लागली ना हाताला? रोजच असते. तुमचं टोक मुठीत धरा. आणि बाहेर पडल्यावर त्या रोलरच्या चाकाखाली एकदा बघा. पाचर मी काल संध्याकाळी ठोकलीय, घणाचे सहा घाव घालून. आत्ता ती तिथं नसेल, बाजूला गवतात पडलेली असेल. रोलर मात्र खाली घरंगळलेला नसेल. सहा महिने रोज असंच आहे. कोणीतरी रात्रभर धरून उभं असतं. पण टाचांचे खड्डे दर सकाळी थोडे पुढे सरकलेले दिसतात, धरणारा दमत चालल्यासारखे. काल मी पावलांनी मोजलं, त्या खड्ड्यांपासून उताराच्या तोंडापर्यंत एकच पाऊल राहिलंय.