शेवटच्या खुर्चीतले आजोबा

बसा. खरं तर हे तुम्हाला बोलून सांगायला हवं होतं. बोलणं हाच माझा धंदा. ते का जमत नाही, हे पुढे कळेलच. तोवर अक्षर जरा सोसून घ्या. डाव्या हाताने लिहितोय.

अठरा वर्षं मी लोकांना बोलायला शिकवलं. वकील, विक्रेते, नवे शिक्षक, सभेत उभं राहिलं की पाय लटपटणारे साहेबलोक. शिंप्याच्या दुकानावरचा लांबट हॉल, आठ रांगा, चाळीस खुर्च्या. रहदारीचा आवाज नको म्हणून खिडक्या कायम बंद आणि वर जाड पडदे. शेवटच्या रांगेतल्या भिंतीकडच्या खुर्चीत मी कोणाला बसू देत नसे. नवा विद्यार्थी आला की सांगायचो, "तिथे आजोबा बसलेत. त्यांना कमी ऐकू येतं, पण ओरडलेलं चालत नाही. पोटातून श्वास घ्या. शब्दाचं शेपूट गिळू नका. वाक्य संपलं की मनात दोन मोजा, तेवढा वेळ त्यांना समजायला लागतो." आणि शेवटी प्रत्येकाने विचारायचं, "आजोबा, ऐकू आलं का?" सगळे हसायचे, भीड चेपायची. युक्ती माझीच. तिचा मला केवढा गर्व होता!

उत्तराची वाट कोणीच बघत नसे.

माझी लेक मात्र लहानपणापासून पुटपुटी. तिची आई गेल्यावर तर तिचा आवाज आणखीच खाली गेला. शेजारच्या खोलीतून तीन-तीनदा "काय म्हणालीस?" विचारावं लागे. बस स्थानकावर घोषणा करायच्या जागेसाठी तिने दोनदा परीक्षा दिली होती आणि दोन्ही वेळा आवाजावरूनच तिला परत पाठवलं होतं. तिसरी परीक्षा सोमवारी होती.

"या वेळी नाही झालं, तर मी परत कुठे तोंड उघडणार नाही, बाबा," ती म्हणाली होती. मला ते लागलं. शुक्रवारी दुपारी चारला मी तिला हॉलवर नेलं.

पुढचा एकच दिवा लावला. मागच्या रांगा अंधारात होत्या. एरवी विद्यार्थी बोलायला लागला की मी मागे जाऊन ऐकतो, पण त्या दिवशी तिच्या पाठीमागे फळा पुसत राहिलो. तिने श्वास घेतला आणि वाचलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं..." शेवटचे शब्द नेहमीसारखेच गिळले. मग पढवल्याप्रमाणे विचारलं, "आजोबा, ऐकू आलं का?"

एक. दोन.

"नाही," मागून आवाज आला. "नाही आलं... बाळा. जरा जवळ ये."

माझा हात फळ्यावरच थांबला. तो आवाज माझा होता. तीच पट्टी, तोच विराम, "बाळा" म्हणतानाचा तोच हेल. आणि माझं तोंड तर बंद होतं.

मी मागे गेलोय असंच तिला वाटलं असणार. ती पायरी उतरली, पहिल्या रांगेपाशी थांबली आणि वाक्य पुन्हा म्हणाली. या वेळी जरा स्पष्ट.

"अजून... जवळ."

दुसरी रांग, तिसरी रांग. दर रांगेला तिचा आवाज मोकळा होत गेला. चौथ्या रांगेत तो इतका भरदार झाला की तसा मी पोरीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं. त्या एका क्षणात ती सातव्या रांगेत पोहोचली.

मग मला भान आलं. "थांब!" म्हणून ओरडायला गेलो. श्वास पोटातून घेतला, गळा मोकळा सोडला, सगळं शिकवतो तसंच केलं. काहीच बाहेर पडलं नाही. हवासुद्धा वाजली नाही.

ती खुर्चीशी पोहोचली होती. कमी ऐकणाऱ्या माणसाच्या कानाशी वाकावं तशी वाकत होती. मी हातातलं डस्टर भिंतीवर फेकून मारलं. ती दचकली. धावत जाऊन मी तिचं मनगट धरलं. खुर्ची रिकामी होती, पण तिला टेकलेला माझा गुडघा सांगत होता की बैठक गरम आहे. आणि वास येत होता... खूप दिवस न उघडलेल्या तोंडाचा.

"बाबा, तुम्हीच तर बोलावलंत ना?" ती खणखणीत आवाजात म्हणाली.

सोमवारी तिची निवड झाली. परीक्षकांनी आवाजाची तारीफ केली म्हणे. माझा घसा डॉक्टरांनी दोनदा तपासला आणि काही दोष नाही म्हणाले. हॉलला मी कुलूप घातलं. आठवड्याने शिंपी रस्त्यात भेटला. "सर, तुमचा आवाज बसलाय म्हणतात," तो हसत म्हणाला, "आणि दुपारी चारला वर तुमचा वर्ग तर रोज चालू असतो!"

मी घरी पळत आलो. लेक सकाळची पाळी करून आली होती आणि दारात चपला घालत होती. "आले हं, बाबा!" ती बाहेर बघत म्हणाली. मी तर तिला ओलांडून आत येऊन तिच्या मागे उभा होतो.

तेव्हापासून रोज चारच्या आधी मी तिचं मनगट धरून बसतो. उजव्या हाताने, घट्ट. ती रागावते, रडते, "सोडा ना, बाबा बोलावतायत," म्हणते. माझ्याकडे बघून म्हणते. मला स्वतःला तो आवाज इतके दिवस ऐकू येत नव्हता. हॉल इथून दोन रस्ते दूर आहे, तेवढ्यावरच माझा धीर होता.

पण आवाज लांब कसा पोहोचवायचा, हे त्या खुर्चीसमोर मीच अठरा वर्षं शिकवलंय. ओरडायचं नाही. पोटातून श्वास घ्यायचा. शब्दाचं शेपूट गिळायचं नाही.

आज चारला, दार-खिडक्या बंद असताना, मलाही तो ऐकू आला. अगदी शांत, एकेक अक्षर सुटं. "ये, बाळा." मग दोन मोजण्याइतका विराम. मग त्याने विचारलं, "ऐकू आलं का?"

माझी लेक माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले नव्हते. तरी दाराबाहेर, आमच्या जिन्यावरून, तिच्या जुन्या पुटपुट्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "हो."